बुधवारची संध्याकाळ

हिंगोलीत काय, वसमतला काय किंवा सेनगावात काय, फॉरमॅट करायला टाकलेला संगणक परत देताना दुकानातला पोरगा हमखास एक वाक्य ऐकवतो : "अपडेट बंद करून दिलंय दादा, आता मधेच अडकायचं नाही." त्याचे तो वेगळे पैसे घेत नाही. गिऱ्हाइकाचं भलं व्हावं म्हणूनच त्याने सर्व्हिसेसची यादी उघडून 'विंडोज अपडेट'समोर 'डिसेबल्ड' निवडलेलं असतं. गिऱ्हाईकही समाधानाने घरी जातं. पुढे तीन-तीन वर्षं त्या यंत्रावर उत्पन्नाचे दाखले निघतात, सातबारे छापले जातात, शाळेचे गुण भरले जातात, बँकेचे व्यवहार होतात, आणि या सगळ्याच्या बुडाशी असलेली ऑपरेटिंग सिस्टिम मात्र फॉरमॅट मारल्या दिवशी जिथे होती तिथेच थांबलेली असते. ही पुस्तिका त्या एका सवयीच्या विरोधात लिहिली आहे.

सवय घातक आहे, पण ती आळसातून आलेली नाही. ती कशातून आली हे समजून घेतल्याशिवाय कुणाला उपदेश करण्यात अर्थ नाही.

जुलैचा शेवटचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. खरीप पीकविम्याची मुदत साधारण ३१ जुलैला संपते. आपले सरकार सेवा केंद्रासमोर सकाळी आठपासून माणसं उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, सातबारा, आठ-अ, पासबुक आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. केंद्रचालक शटर वर करतो, बटण दाबतो, आणि पडद्यावर येतं की अपडेटचं काम चालू आहे, संगणक बंद करू नका, सत्तावीस टक्के. सत्तावीसचे अठ्ठावीस व्हायला तयार नाहीत. मागून कुणीतरी विचारतं, "सर्व्हर डाऊन आहे का हो?" तेवढ्यात लाइट जाते. इन्व्हर्टरवर पंखा फिरतो, पण संगणकाने एक गचका खाल्लेला असतो. पुन्हा सुरू केल्यावर तो सांगतो की केलेले बदल मागे घेतो आहे. यात पाऊण तास जातो. शेवटी विंडोज उघडतं, तर बोटाचे ठसे घेणारं उपकरण ओळखलं जात नाही, त्याचं 'आरडी सर्व्हिस' हे सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं. साडेदहा वाजलेले असतात आणि अजून एकही अर्ज भरलेला नसतो. अशा सकाळनंतर त्या माणसाने अपडेट कायमचं बंद करून घेतलं, तर मी त्याला दोष देणार नाही.

पण या सकाळचं मूळ आदल्या संध्याकाळी आहे, आणि या पुस्तिकेला सांगायची मुख्य गोष्ट तीच आहे. आदल्या दिवशी काम संपल्यावर त्याने 'शट डाऊन' दाबलं. संगणकाने दिवसभरात उतरवून ठेवलेलं अपडेट नेमकं तेव्हा बसवायला घेतलं. पडद्यावर चकरी फिरत होती, घरी जायची घाई होती, त्याने भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं आणि शटर ओढलं. अपडेट अर्धवट राहिलं. सकाळी यंत्राने ते राहिलेलं काम पुढे घेतलं, एवढंच.

अपडेट आपोआप घेण्याची सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे : माणूस झोपला तरी यंत्र जागं असतं. विंडोजमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' ही सोय आहे. तुमच्या कामाचे तास सांगा, त्या तासांत मी यंत्र रीस्टार्ट करणार नाही, उरलेल्या वेळेत करीन, असा तो करार आहे. ज्या देशांत संगणक रात्रभर वीजजोडणीवर आणि इंटरनेटवर असतो तिथे हा करार बिनबोभाट पाळला जातो. आपल्याकडे संध्याकाळी बोर्डावरूनच वीज तोडतात. दुकानात उंदीर आहेत, पावसाळ्यात विजा कडाडतात, बिलही येतं. वीज तोडणं शहाणपणाचंच आहे. परिणाम असा की अ‍ॅक्टिव्ह अवर्सच्या बाहेर ते यंत्र कधी जिवंतच नसतं आणि अपडेटला कामाच्या वेळेखेरीज वेळच मिळत नाही. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने स्वतःच अभ्यास करून सांगितलं की अपडेट खात्रीने बसायला, ते उपलब्ध झाल्यापासून यंत्र किमान सहा तास इंटरनेटला जोडलेलं हवं, आणि त्यातले दोन तास तरी सलग हवेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अर्धा-अर्धा तास जोडल्या जाणाऱ्या लॅपटॉपला हे सलग दोन तास महिनोन्‌महिने मिळत नाहीत.

लिनक्सवर वेगळं काही घडत नाही. उबुंटूमध्ये सुरक्षेचे अपडेट रोज आपोआप घेणारी यंत्रणा आधीपासूनच चालू असते. तिची नेमलेली वेळ टळली तर यंत्र सुरू झाल्या झाल्या ती राहिलेलं काम हाती घेते. म्हणून सकाळी पहिली पंधरा मिनिटं संगणक जड चालतो, आणि त्याच वेळी तुम्ही एखादं सॉफ्टवेअर टाकायला गेलात तर दुसरी प्रक्रिया चालू आहे म्हणून तो नकार देतो. यात बिघाड काही नाही, पण ज्याला कारण ठाऊक नाही त्याला तो बिघाडच वाटतो.

आता दुसरी बाजू. अपडेट बंद ठेवल्याने प्रत्यक्षात काय होतं?

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधली एक भेग बुजवणारं अपडेट दिलं. फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर पोचवणाऱ्या भागात ती भेग होती. जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ रोजी, त्याच भेगेतून 'वॉनाक्राय' हा व्हायरस शिरला आणि सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवरच्या फाइली त्याने कुलूपबंद केल्या. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्यानंतर बराच काळ जुन्या विंडोज एक्सपीला दोष दिला गेला, पण कॅस्परस्कीच्या पाहणीत बाधित यंत्रांपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ ची निघाली. म्हणजे ज्यांच्यासाठी औषध तयार होतं, पोचलंही होतं, पण ज्यांनी ते घेतलं नव्हतं, अशी ही यंत्रं.

पुढच्याच महिन्यात हे संकट महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागलं. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा दुसरा व्हायरस पसरला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पडले. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल त्याच समूहाकडे आहे. तिथलं काम ठप्प झालं. मराठवाड्यातून माल बाहेरदेशी धाडणाऱ्याला हे बंदर घरचं. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं त्याप्रमाणे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

इथे अपडेटचा कैवार घेऊन मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. कारण नॉटपेट्या मुळात आत शिरला तो एका अपडेटमधूनच. युक्रेनमध्ये हिशेब आणि कराचे कागद भरायला 'एम.ई.डॉक' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. हल्लेखोरांनी त्या कंपनीची अपडेट पाठवण्याची यंत्रणाच ताब्यात घेतली होती. ज्यांनी अपडेट इमानेइतबारे घेतलं त्यांच्या यंत्रात तो पहिल्यांदा उतरला. आणि एकदा आत आल्यावर इतर वाटांबरोबरच मार्चमधली ती न बुजवलेली भेगही त्याने पसरायला वापरली. एकाच प्रसंगात अपडेट घेतल्याचा धोका आणि न घेतल्याचा धोका दोन्ही दिसतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची नवी आवृत्ती काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच पुसते आहे असं लक्षात आल्यावर मायक्रोसॉफ्टला ती मागे घ्यावी लागली. आणि १९ जुलै २०२४ चा शुक्रवार तर अजून सगळ्यांच्या लक्षात असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आपोआप पोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रं निळा पडदा दाखवत बसली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. तो दोष विंडोजच्या अपडेटमध्ये नव्हता. पण ज्याचं यंत्र बसलं त्याला या फरकाने काय दिलासा मिळणार?

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला स्वयंचलन काही संगणकाने शिकवलेलं नाही. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते. थंडीत, विंचू-काट्याच्या वाटेने, दोन वाजता मोटार चालू करायला कोण जाणार? म्हणून स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. वीज आली की मोटार आपसूक चालू. महावितरण दरवर्षी विनवतं की ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. कारण वीज येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि रोहित्र जळतं. रोहित्र जळालं की ऐन पाळीत पिकाला पाणी नाही. विहिरीने तळ गाठला असेल तर ऑटोवरची मोटार कोरडी फिरून तिचं वायंडिंगही जातं. तरी ऑटो कुणी फेकून देत नाही. जाणता शेतकरी काय करतो? विहिरीत पाणी किती आहे ते दिवसा पाहून ठेवतो, कोरडी फिरली तर मोटार बंद करणारं पॅनेल बसवतो, आणि मग निर्धास्त झोपतो. क्राउडस्ट्राइकच्या त्या फाइलीचा घोळ रोहित्रासारखाच झाला : ती सगळीकडे एकदम उठली. विंडोजची वार्षिक मोठी आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडतात ती हेच टाळायला.

तेव्हा प्रश्न 'आपोआप की हाताने' असा नाहीच. कोणतं काम यंत्रावर सोपवायचं आणि कोणतं आपल्या हाती ठेवायचं, हा खरा प्रश्न आहे, आणि पुस्तिकेतली बरीचशी पानं त्यावर खर्ची पडली आहेत. माझं मत इथेच सांगतो. दर महिन्याचे सुरक्षेचे अपडेट यंत्रावर सोपवावेत, बिनशर्त. ब्राउझरही स्वतःचं स्वतः नवं होऊ द्यावं. सगळी सरकारी पोर्टलं त्यातूनच उघडतात, आणि त्याच्यासाठी फक्त तो एकदा बंद करून उघडावा लागतो. वार्षिक मोठी आवृत्ती मात्र आपण सांगू तेव्हाच घ्यावी. ठसे घेणाऱ्या उपकरणांचे, डिजिटल सहीच्या टोकनचे, प्रिंटरचे ड्रायव्हर हातानेच बदलावेत, तेही दुसरं यंत्र किंवा पर्याय हाताशी असताना. 'ऑप्शनल अपडेट्स'च्या यादीत न समजता टिक करू नये. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी आधी, कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आपोआप निघेल अशी सोय करावी. ज्याच्याकडे प्रत आहे त्याला अपडेट बिघडण्याची भीती राहत नाही, आणि वॉनाक्रायचीही फारशी नाही. मात्र प्रत निघाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवली पाहिजे. जोडून ठेवलेली डिस्कही असे व्हायरस कुलूपबंद करतात.

उरतो वेळेचा प्रश्न. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट सुरक्षेचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणजे आपलं दुकान बुधवारी उघडतं तेव्हा नवं अपडेट दारात आलेलं असतं. बुधवारी दिवसभर ते मागच्या मागे उतरू द्यावं. संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की 'अपडेट अँड शट डाऊन' न दाबता 'अपडेट अँड रीस्टार्ट' दाबावं आणि लॉगिनचा पडदा पुन्हा दिसेपर्यंत तिथेच थांबावं. त्या वेळात दिवसाचा हिशेब लिहून होतो. मग उपकरणावर एकदा बोट ठेवून पाहावं, एक पान छापून पाहावं आणि त्यानंतरच बोर्डाचं बटण बंद करावं. ज्याला एवढ्या ताज्या अपडेटची धास्ती वाटते त्याने 'पॉज' वापरून पुढच्या बुधवारपर्यंत थांबावं; एक आठवडा थांबणं मला गैर वाटत नाही, एक वर्ष थांबणं वाटतं.

याच हिशेबाने जुलै पाहा. दुसरा मंगळवार आठ ते चौदा तारखेच्या दरम्यान येतो. त्या आठवड्यात अपडेट बसवून, तपासून घेतलं तर विम्याच्या शेवटच्या दिवसांत यंत्राकडे बसवायला काही उरतच नाही. महिन्याच्या उत्तरार्धात येतात ती चाचणीवजा, ऐच्छिक अपडेट. सेटिंग्जमध्ये 'ताजी अपडेट मिळताच द्या' अशा अर्थाचं एक बटण आहे, ते बंद ठेवलं की ती आपल्या वाटेला येत नाहीत. जूनमध्ये दहावी-बारावीनंतर दाखल्यांची झुंबड उडते, तिलाही हेच लागू. अपडेट बंद करणाऱ्या माणसाला जे हवं होतं, म्हणजे गर्दीच्या दिवशी यंत्राने दगा देऊ नये, ते अपडेट चालू ठेवूनच मिळतं.

विजेबद्दल थोडं. साध्या यूपीएसवर डेस्कटॉप दहा-पंधरा मिनिटं तग धरतो. अपडेट उतरत असताना वीज गेली तर काहीच बिघडत नाही, ते पुढे चालू राहतं. नाजूक असतो तो रीस्टार्टचा काळ, आणि तोच यूपीएसच्या आधाराने पार पाडायचा असतो. मध्येच वीज गेली तरी विंडोज बहुतेक वेळा जुन्या स्थितीवर परत येतं, त्याला वेळ द्यावा लागतो. पुन्हा पुन्हा बटण दाबून बंद-चालू केल्यानेच यंत्र खरं बिघडतं. उबुंटूत पॅकेज अर्धवट राहिली तर ती पूर्ण करणारी एका ओळीची आज्ञा आहे, ती पुस्तिकेत दिली आहे. हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी तो जोड 'मीटर्ड' म्हणून नोंदवावा, नाही तर दिवसाचा डेटा सकाळीच संपतो. मात्र मग महिन्यातून एकदा पुरेसं इंटरनेट असलेल्या ठिकाणी लॅपटॉप नेण्याची आठवण ठेवावी लागते. एका दुकानात दोन-तीन संगणक असतील तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' चालू करावं. एकाने उतरवलेलं अपडेट बाकीचे त्याच्याकडूनच घेतात.

एक विषय टाळून चालणार नाही. बऱ्याच जणांना वाटतं की अपडेट घेतलं तर आपली फुकटची विंडोज 'पकडली जाईल'. अ‍ॅक्टिव्हेट न केलेल्या विंडोजलाही सुरक्षेचे अपडेट मिळतात. खरा धोका असतो तो अँटीव्हायरस बंद करायला लावून चालवल्या जाणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरमध्ये. ज्या यंत्रात गावाचे आधार क्रमांक आणि खाते क्रमांक टंकले जातात, तिथे कुठून आलं हे ठाऊक नसलेलं असं साधन चालवणं मला अक्षम्य वाटतं.

औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या त्या यंत्रांचे संगणक सांभाळायला तिथे जाणकार माणसं नेमलेली असतील. त्याच तालुक्यातल्या गावात केंद्र चालवणाऱ्या पोराकडे असं कुणी नाही. अर्ज भरणारा, प्रिंटर दुरुस्त करणारा, शिव्या खाणारा आणि यंत्राची सुरक्षा पाहणारा तो एकटाच. एमएस-सीआयटीत त्याने संगणक वापरायला शिकून घेतलं. तो राखायचा कसा, हे शिकायची वेळ कामातच आली. ही पुस्तिका प्रथम त्याच्यासाठी आहे, मग शाळेतल्या गुरुजींसाठी, आणि तितकीच त्या दुरुस्तीवाल्या पोरासाठी. त्याने 'डिसेबल्ड'ऐवजी गिऱ्हाइकाला बुधवारची संध्याकाळ समजावून सांगितली तर पाचही तालुक्यांतली यंत्रं वर्षभरात सुधारतील, इतका त्याचा शब्द चालतो.

शेवटचं प्रकरण जुन्या यंत्रांचं आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याला पैसे पडत नाहीत. ही नोंदणी आपोआप होत नाही, अपडेटच्या पानावर जाऊन ती करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत, त्यामुळे जिल्ह्यातली कितीतरी धडधाकट यंत्रं बाहेर राहतात. त्यांच्यासाठी उबुंटू, मिंट किंवा चेन्नईच्या सी-डॅकने डेबियन या लिनक्सवर उभारलेली बॉस ही वाट आहे. तिथेही घाई नसलेली, स्थिर आवृत्तीच निवडावी. २९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड या छोट्याशा साधनात दडवलेला चोरदरवाजा उघडकीला आला, तेव्हा तो डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांत पोचला होता. स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत आला नव्हता. शाळेच्या लॅबला, मुलांच्या अभ्यासाला, पत्र टंकायला आणि पोर्टलवर वाचायला लिनक्स पुरेसं आहे. ठसे घेणारी उपकरणं आणि सहीची टोकनं मात्र आधी त्यावर चालवून पाहावीत; सगळ्या उत्पादकांचे लिनक्सचे ड्रायव्हर मिळतातच असं नाही. म्हणून दोन यंत्रं असलेल्या केंद्राने नवं यंत्र ठशांच्या कामाला लावावं आणि जुन्यावर लिनक्स टाकावं. एकच यंत्र असेल आणि ते जुनं असेल, तर नोंदणी आजच करून घ्यावी आणि नव्या यंत्राचे पैसे बाजूला टाकायला लागावं.